धक्क्यापासून फलाटापर्यंत कोण नेणार?

प्रति,
अध्यक्ष, मुंबई बंदर प्राधिकरण
महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे
महाव्यवस्थापक, बेस्ट उपक्रम
व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ

महोदय,

हे पत्र आपल्या चौघांच्या नावे एकत्रच लिहितो आहे. ज्या कामासाठी लिहितो आहे ते आपल्यापैकी कोणा एकाच्या हद्दीत पुरते येत नाही, आणि म्हणूनच ते कोणाच्याच टेबलावर येत नाही. बॅलार्ड पियरच्या धक्क्यावर बोटीतून उतरलेल्या माणसाला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटापर्यंत सुखरूप, वेळेत, सामानासकट पोहोचवणे, एवढेच ते काम आहे. अंतर दोन किलोमीटरच्या आसपास. धक्का बंदराचा, फलाट रेल्वेचा, बस बेस्टची आणि पाहुणा पर्यटन खात्याचा. मधला रस्ता मात्र ज्याचा त्याने काढायचा.

धुळ्याच्या माणसाला बोटीचे काय पडले आहे, असे कोणाला वाटेल. आमच्याकडे समुद्र नाही, पांझरा आहे, आणि तिलाही पाणी पावसाळ्यातच. पण गेल्या चार-पाच वर्षांत खानदेशातून बोटीच्या सहलीला जाणाऱ्यांची चर्चा लग्नघरांत आणि सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर ऐकू येऊ लागली आहे. २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबई–गोवा अशी देशी प्रवाशांसाठीची सहलीची बोट सुरू झाली. दोन-तीन रात्रींची सहल, परदेशाचा खर्च नाही, पासपोर्टची यातायात नाही. निवृत्त शिक्षक, कापसाचे किंवा केळीचे पैसे हातात आलेला शेतकरी, आईवडिलांना एकदा समुद्र दाखवायचा म्हणून पैसे साठवणारी नोकरदार मुले, अशी माणसे जातात. त्यातल्या पुष्कळांनी त्याआधी मुंबई पाहिली असते ती दादरला नातेवाइकाकडे किंवा टाटा रुग्णालयात.

आपण धक्क्यावर मोठे काम केले आहे. मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलला ५५६ कोटी रुपये लागले. २०२५ च्या एप्रिलपासून प्रवासी तिथून जाऊ लागले आणि सप्टेंबरात पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे रीतसर उद्घाटन झाले. तपासणीचे आणि इमिग्रेशनचे ७२ काउंटर, वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता, तीनशेहून अधिक गाड्या उभ्या करण्याची जागा. ही वास्तू मुंबईला शोभणारी आहे आणि तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मला फक्त त्या तीनशे गाड्यांच्या आकड्यापाशी थांबायचे आहे. स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्याचा विचार झाला, हे त्यावरून दिसते. धुळ्याहून, जळगावहून, अमळनेरहून येणारा माणूस रेल्वेने येतो. त्याच्या गाडीला वाहनतळ लागत नाही. त्याला लागतो एक भरवशाचा जोड.

आता तो माणूस बोटीतून उतरतो तेव्हा काय होते ते सांगतो. बोट सकाळी लागते. हजार-दीड हजार माणसे एकदम सोडता येत नाहीत, म्हणून गटागटाने उतरवतात. कोणता गट कधी सुटेल हे आदल्या दिवशी नक्की सांगता येत नाही. बाहेर येईपर्यंत नऊ वाजतात, कधी अकरा. बरोबर म्हातारी आई, दोन मुले, चार बॅगा. धुळ्यात स्टेशनवर उतरले की माणूस सवयीने रिक्षाला हात करतो. इथे रिक्षा नाही. दक्षिण मुंबईत रिक्षाला येऊच देत नाहीत, आणि हे बाहेरगावच्या पुष्कळांना तिथे उभे राहिल्यावर कळते. काळी-पिवळीवाल्याला एवढ्याशा अंतराचे भाडे नको असते. मोबाइलवरून गाडी मागवली तर तिच्या डिकीत सीएनजीची टाकी असते. दोन बॅगा जेमतेम मावतात, उरलेल्या मांडीवर. सहा जणांच्या कुटुंबाला दोन गाड्या कराव्या लागतात. त्या दोन गाड्या एकाच फाटकावर येतीलच असे नाही. बंदराचा परिसर सुरक्षेचा, गाडीवाल्याला नेमके कोणत्या गेटपर्यंत सोडतील हे त्याला ठाऊक नसते. फोनवर तो विचारतो, ‘कौनसा गेट?’ आणि आमचा माणूस समोरच्या भिंतीकडे बघत राहतो. मागून आई अहिराणीत विचारते, ‘आते कथा जावानं शे?’, म्हणजे आता कुठे जायचे? या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणी तिथे कोणाकडेही नसते.

दोन किलोमीटरसाठी एवढा आकांत कशाला, चालत जा, असे मुंबईकर म्हणेल. एकटा, धडधाकट, पाठीवर एक पिशवी असलेला माणूस जाईलही. मी त्याच्यासाठी लिहीत नाही.

हा जोड चुकला तर काय होते ते मुंबईत बसून दिसत नाही. मुंबईहून धुळ्याची थेट गाडी टर्मिनसवरून दुपारच्या सुमारास निघते. सकाळी लागलेल्या बोटीला ती अगदी जुळण्यासारखी आहे, आणि अगदी हुकण्यासारखीही. हुकली की संध्याकाळ-रात्रीच्या गाड्या: पंजाब मेल, अमरावती एक्स्प्रेस, त्या वाटेच्या इतर. त्यांत ऐनवेळी आरक्षण मिळत नाही. जागा मिळालीच तर गाडी मनमाड ओलांडून मध्यरात्रीच्या आगेमागे चाळीसगावला सोडते. तिथून धुळे ५६ किलोमीटर. त्या वेळी पॅसेंजर नसते; फलाटावर पहाटेची वाट पाहायची किंवा मिळेल त्या खासगी जीपने जायचे. मुंबईतले दोन किलोमीटर वेळेत न कापल्याचा दंड आम्ही असा रात्रभर भरतो. दोंडाईचा, शिंदखेड्याच्या माणसाची तऱ्हा आणखी वेगळी. तो पश्चिम रेल्वेच्या ताप्ती मार्गावरचा. त्याला खानदेश एक्स्प्रेस धरायची असते. रात्रीपर्यंत सामान घेऊन त्याने बसायचे कुठे?

असे काम मुंबईत याआधी झालेले आहे, आणि या पत्रातला माझा सगळा आधार तोच आहे. बॅलार्ड पियरवर बोटीच्या अगदी शेजारी रेल्वेचे स्टेशन होते. ‘बॅलार्ड पियर मोल’ हे त्याचे नाव. पी अँड ओ कंपनीची टपालाची बोट इंग्लंडहून यायची, माणसे उतरून समोरच उभ्या असलेल्या गाडीत बसायची आणि गाडी पेशावरकडे निघायची. त्या गाडीची पहिली फेरी १ जून १९१२ ची मानतात. तिचे तेव्हाचे नाव पंजाब लिमिटेड, आजची पंजाब मेल. सुमारे २,४९६ किलोमीटर, ४७ तासांच्या आसपास. सहा डब्यांपैकी तीन टपालाचे, तीन प्रवाशांचे, आणि त्या तीन डब्यांत मिळून फक्त ९६ माणसे. १९२८ मध्ये फ्रंटियर मेल सुरू झाली, तीही बोटींच्या हंगामात याच धक्क्यावरून निघे.

पंजाब लिमिटेडचा रस्ता आमच्या खानदेशातून होता. चाळीसगाव, जळगाव, भुसावळ ही तिच्या वाटेवरची गावे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी धक्का आणि खानदेश यांच्यात एक अखंड रूळ होता. त्यावरून जाणारी माणसे मात्र आमची नव्हती. गाडी साहेबांची होती. तिसऱ्या वर्गाचा डबा तिला लागायला १९३० चे दशक उजाडले. ९६ अधिकाऱ्यांना बोटीतून उतरल्यावर एक पाऊलही आडवे टाकावे लागू नये म्हणून एका परक्या सरकारने धक्क्यापर्यंत रूळ नेले. आज त्याच धक्क्यावर आपलीच हजारभर माणसे उतरतात. त्यांच्यासाठी मी रूळ मागत नाही. मागतो ती बस.

जोड सांभाळणे म्हणजे काय हे मध्य रेल्वेला आमच्याच शाखेवरून माहीत आहे. चाळीसगाव–धुळे मार्ग १९०० सालचा. थेट गाडी नव्हती त्या काळात मुंबईच्या गाडीला धुळ्याचे डबे लावलेले असत. चाळीसगावला ते सोडवून धुळे पॅसेंजरला जोडत. रात्री शंटिंगचा धक्का बसला की झोपेतली माणसे कूस बदलत, ‘चाळीसगाव आले’ म्हणत आणि पुन्हा झोपत. सामान उचलायचे नाही, पूल चढायचा नाही, विचारायचे नाही. गैरसोय होती, पण ती रेल्वेने स्वतःच्या अंगावर घेतली होती, प्रवाशाच्या नव्हे. धक्का आणि फलाट यांच्यामध्ये मला तेच हवे आहे.

नकाशा काढून पाहा. टर्मिनसच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचे फलाट पूर्वेच्या कडेला आहेत, पी. डिमेलो रस्त्याकडे, म्हणजे बंदराच्याच बाजूला. बंदराच्या ग्रीन गेटहून निघालेल्या बसला बॅलार्ड इस्टेट ओलांडून त्या रस्त्याने थेट अठरा नंबर फलाटाच्या बाजूच्या प्रवेशद्वारापाशी येता येते; समोरच्या मोठ्या चौकातल्या गर्दीत शिरायचेही कारण नाही. त्याच पी. डिमेलो रस्त्यावर ऑरेंज गेटपाशी पूर्व मुक्त मार्ग सुरू होतो. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून उत्तरेच्या गाड्या धरणाऱ्यांसाठी दुसरी बस त्यावरून चेंबूरपर्यंत सिग्नलविना जाईल. बंदर आणि रेल्वे मुंबईत पाठीला पाठ लावून बसली आहेत. त्यांनी फक्त तोंडे एकमेकांकडे वळवायची आहेत.

म्हणून मागणे असे. बोटीच्या दिवशी, आणि फक्त बोटीच्या दिवशी, पहिला गट उतरल्यापासून शेवटचा उतरेपर्यंत टर्मिनलच्या दारातून बेस्टची बस सुटावी. दारातून म्हणजे फाटकाबाहेरच्या थांब्यावरून नव्हे. सामान गाड्यावरून थेट बसपाशी यावे. बसचे भाडे तिकिटात धरा किंवा वेगळे घ्या, माणूस आनंदाने देईल, पण ते आधी ठाऊक असू द्या. बोटीच्या तिकिटावरच, मराठीत, छापलेले असावे की बस कुठून सुटते, टर्मिनसला किती वेळ लागतो आणि किती वाजण्याच्या आधीच्या गाडीचे आरक्षण करू नये. हे शेवटचे वाक्य बससारखेच महत्त्वाचे आहे. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, बोटीचे वेळापत्रक त्याच्याही कितीतरी आधी ठरलेले असते. दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवून कोणी तरी अधिकाराने सांगायला हवे. आज हा सल्ला आम्हाला गल्लीतला ट्रॅव्हल एजंट अंदाजाने देतो.

रात्रीची गाडी असणाऱ्यांचे सामान टर्मिनलमध्येच दिवसभर ठेवून घ्यावे. आईवडिलांसाठी चाकांची खुर्ची बोटीच्या शिडीपाशी असते, ती बसच्या पायरीपाशी संपू नये. आणि बोट उशिरा आली, बस अडकली, तर प्रवाशाने कोणाला फोन करायचा, त्याचा एकच क्रमांक असावा. चार कार्यालयांचे चार क्रमांक नकोत.

बोटीचा खर्च परवडतो त्याला टॅक्सी का परवडू नये, हा प्रश्न मी ऐकला आहे. त्याला पैसे परवडतात. त्याला परवडत नाही ती अनिश्चितता, कारण पुढची गाडी त्याच्यासाठी थांबणार नसते. दुसरे असे की चाळीस माणसांची एक बस दहा-बारा टॅक्सींची जागा वाचवते. बॅलार्ड इस्टेटच्या गल्ल्यांत बोटीच्या दिवशी त्या जागेला किती किंमत आहे हे वाहतूक पोलिसांना विचारावे. पी. डिमेलो रस्त्याच्या कडेला ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह बोगद्याचेही काम चालू आहे. तिथे गाड्या वाढवण्यात कोणाचेच हित नाही. भुयारी मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरपासून टर्मिनसला आली आहे, त्यामुळे तिथपर्यंत नेलेला प्रवासी पुढे दादरला स्वतः जाईल. सगळी साखळी तयार आहे, एक कडी घालायची आहे.

इटलीत रोमला जाणाऱ्या बोटी चिविटावेकिया नावाच्या बंदरात लागतात. तिथे धक्क्यावरून बंदराची फुकट बस प्रवाशांना लार्गो देला पाचे नावाच्या चौकात आणते आणि तिथून शहराची बस रेल्वे स्टेशनला नेते. बोटीतून उतरलेला परका माणूस कोणालाही न विचारता रोमच्या लोकलमध्ये बसतो. त्या बंदराला हे करावे लागते, कारण रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर आहे. मुंबईत स्टेशन हाकेवर आहे, म्हणूनच कदाचित कोणी त्याचा विचार करत नसेल.

केंद्राच्या क्रूझ भारत मोहिमेची मुदत मार्च २०२९ पर्यंत आहे. तोवर समुद्री सहलींच्या प्रवाशांची संख्या दहा लाखांवर न्यायची आहे. मनमाड–इंदूर हा ३०९ किलोमीटरचा, १८,०३६ कोटींचा नवा रेल्वेमार्ग २०२४ च्या सप्टेंबरात मंजूर झाला, आणि त्याचे उद्दिष्टही २०२८–२९ चेच आहे. तो मालेगाव, धुळे, शिरपूरवरून माळव्यात जाईल. म्हणजे एकाच सुमारास बंदरात माणसे वाढतील आणि आमच्या बाजूने गाड्याही वाढतील. धुळेकरांबरोबर इंदूर-महूची माणसेही बॅलार्ड पियरच्या दारात बॅगा घेऊन उभी असतील. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आत्ता, माणसे मोजकी असताना, दोन बसनी सुरुवात करून चुका दुरुस्त करणे सोपे आहे.

येत्या हंगामातल्या बोटींच्या तारखा बंदराकडे आहेत, गाड्यांच्या वेळा रेल्वेकडे, बस आणि चालक बेस्टकडे. पर्यटन महामंडळाने पुढाकार घेऊन चारही कार्यालयांचा एकेक अधिकारी एका टेबलाशी बसवावा, आणि ऑक्टोबरात पहिली बोट लागण्याआधी ठरलेल्या वेळा धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या वर्तमानपत्रांत छापून आणाव्यात, ही विनंती. धुळे स्टेशनच्या आरक्षण खिडकीशेजारीही त्याचा एक कागद लावावा. तिथे आम्ही तो रोज वाचू.

आपला,
धुळ्याचा एक रेल्वे प्रवासी