घरी आहे, पण रजेवर नाही

नाताळच्या सुमारास वसईतील अनेक घरांत परदेशी स्थायिक झालेली मुले येतात. त्यांतील काही जण आता रजा न घेता, तिथलीच नोकरी इथल्या खोलीतून करतात. मुक्काम लांबतो, हा आनंदच. मात्र घराचे घड्याळ विस्कटते.

न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडील सायंकाळचे ७.३०, तेथील सायंकाळचे ५ म्हणजे आपल्या पहाटेचे ३.३०. अशा वेळी मुलासाठी आपण जेवायचे थांबू नये. इन्सुलिन किंवा मधुमेहाची काही औषधे घेऊन जेवण लांबवल्यास रक्तातील साखर घसरते. घाम, थरथर व भोवळ ही त्याची लक्षणे होत. एकत्र पंगत दुपारी मांडावी.

त्याची झोपही जपावी. पहाटे निजलेल्यास सकाळी गाडी चालवायला लावणे धोक्याचे. म्हणून डॉक्टरांची वेळ दुपारची घ्यावी. मूल घरी आहे म्हणून सांभाळणाऱ्या ताईंना मात्र रजा देऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे, त्याच्या कामात व्यत्यय नको म्हणून आपले दुखणे लपवू नये. छातीत दुखणे, अचानक वाचा अडखळणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, असे काही झाल्यास मध्यरात्रीही त्याचे बंद दार ठोठवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. त्याची बैठक पुन्हा भरेल. उपचारांची ती वेळ पुन्हा येत नाही. हे पहिल्याच दिवशी त्याच्याशी बोलून ठेवावे.