राजाचा अंगरखा कोण शिवतो?



आज खत-बियाण्याचे बोलणार नाही. आज घरातल्या शिवणयंत्राबद्दल बोलू.

गेल्या आषाढात तारकर्लीला भातलावणी पाहायला गेलो होतो. बांधावर एका माउलीने अडवले. "सायबानू, आमच्या झिलाक कायतरी सांगा. रातभर मशीन खडखडावता आणि तरव्याक हात लावणा नाय. बापूस म्हणता, मशीनच विकून टाकूया."

मुलाने शिवणवर्गाचे तोंड पाहिलेले नाही. आईच्या यंत्रावर जुने कपडे उसवायचे आणि पुन्हा शिवायचे, असे करीत तो शिकला. आता दशावतारातल्या राजाचे अंगरखे शिवतो आणि मालवणच्या गिटारवाल्या पोरांच्या रॉक बॅंडसाठी चमचमते कोटही. मी त्याला तोंडावर सांगितले, "हा छंद झाला. पोट शेतीवर भरते." आणि पुढच्या शेतावर गेलो.

माझे चुकले, हे मार्गशीर्षातल्या जत्रेत कळले. दशावतार तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिला आहे. मागे एक पडदा, पुढे एक बाकडे. तेच सिंहासन, तोच रथ. लिहिलेली संहिता नाही, नेपथ्य नाही. समोरचा राजा आहे की राक्षस, हे शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला वेशावरूनच समजावे लागते. त्या रात्री राजाने युद्धात गिरक्या घेतल्या, उड्या मारल्या. कुठे टाका उसवला नाही. नंतर आत जाऊन अंगरखा पाहिला. बगलेत जादा कापडाची कळी घातली होती, म्हणून हात वर गेला तरी शिवण ताणत नव्हती. मखमलीखाली सुती अस्तर होते, घाम तिथेच जिरत होता. ताण येणाऱ्या जागी दुहेरी शिवण होती. हे पोराला कोणी शिकवले नव्हते. आधीचे फाटलेले वेश पाहून त्याने स्वतः ओळखले होते. शेतकरीही असाच शिकतो ना?

असे शिकून पुढे गेलेली माणसे आहेत. जपानचे कान्साई यामामोतो शाळेत स्थापत्याचे शिक्षण घेत होते. कपड्यांचे काम ते दुसऱ्यांच्या हाताखाली राबून शिकले. 1973 साली डेव्हिड बोवी या इंग्रज रॉक गायकाचे वेश त्यांनी केले. त्यांच्या काबुकी नाटकात आपल्या दशावतारासारखी बायकांची कामे पुरुषच करतात. तिथली युक्ती त्यांनी उचलली. रंगमंचावरच वरचा झगा झटक्यात ओढून काढायचा, की आतला दुसरा वेश झळकतो. गावच्या नाटकातली विद्या रॉकच्या मंचावर गेली ती अशी.

आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांचे शिक्षण चित्रकलेचे. कपड्यांचे काम त्यांनी प्रत्यक्ष करता करता आत्मसात केले आणि 1983 साली 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

तेव्हा आईबापांना माझे सांगणे एवढेच, की यंत्र विकू नका. पण मुलांनाही सांगणे आहे. लावणीचे दिवस आईबापाचे. त्या दिवसांत यंत्रावर कापड झाकून ठेवा, तरवा थांबत नाही. जत्रा सुरू होतात कार्तिकात, म्हणून श्रावणापासून कामाला लागले तरी वेळ पुरतो.

दुसरे, हिशेब ठेवा. एक वही करा. कापड, अस्तर, जर, दोरा यांचा खर्च लिहा आणि किती तास गेले तेही लिहा. मजुरी न धरता सांगितलेला भाव म्हणजे फुकट केलेली मळणी. निम्मे पैसे इसार घेतल्याशिवाय मखमलीला कात्री लावू नका. प्रत्येक नटाचे माप त्याच वहीत ठेवा, पुढच्या वर्षी उपयोगी पडते.

तिसरे, केंद्र सरकारच्या 2023 साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कारागिराला प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने पहिले एक लाखापर्यंतचे कर्ज अशी तिची रचना आहे. लाभ घरटी एकालाच. नोंदणी चालू आहे का, याची ग्रामपंचायतीत चौकशी करा. कर्ज मात्र वहीतला हिशेब पाहूनच घ्या.

जत्रेनंतर मी पुन्हा त्या घरी गेलो आणि मुलाची माफी मागितली. तो लाजला. बापूस खळ्यात बसला होता. म्हणाला, "मशीन ऱ्हवांदे. पण आषाढात चिखलात येवक होया." मुलाने मान डोलावली. सौदा रास्त आहे.

पुढच्या अंकी भातावरच्या करप्याबद्दल बोलू.