अधिक कठीण कोणती : अभियोग्यता चाचणी की विषयज्ञानाची परीक्षा?

बँकेत प्रवेश मिळविण्यासाठी एक परीक्षा द्यावी लागते आणि प्रवेश मिळाल्यावर दुसरी. पहिली प्रामुख्याने अभियोग्यतेची, दुसरी विषयज्ञानाची. या दोहोंत अधिक कठीण कोणती, हा शाखांमधील जेवणाच्या सुट्टीतला नेहमीचा वाद आहे. नवे अधिकारी पहिलीकडे बोट दाखवितात, तर अनुभवी सहकारी दुसरीकडे. माझ्या मते काठिण्य दोहोंतही आहे. मात्र त्याची जात निराळी आहे.

बहुतेक सार्वजनिक बँकांच्या प्रोबेशनरी ऑफिसर पदासाठी २०११ पासून आयबीपीएसची सामाईक परीक्षा होते. तिच्या पूर्वपरीक्षेत ६० मिनिटांत १०० प्रश्न असतात. त्यांतील गणिताचे ३५ प्रश्न २० मिनिटांत सोडवावयाचे, म्हणजे प्रत्येकास जेमतेम ३४ सेकंद. उत्तर चुकल्यास त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा वजा होतो. एक नळ टाकी १२ तासांत भरतो व दुसरा १५ तासांत, तर दोन्ही मिळून किती वेळात भरतील? निवांत बसल्यास दहावीचा विद्यार्थीही ६ तास ४० मिनिटे हे उत्तर काढील. येथे कठीण आहे ते घड्याळ, आणि कोणता प्रश्न सोडून द्यावा हा निर्णय. शिवाय यशाची रेषा आधी आखलेली नसते. रिक्त जागा आणि देशभरातील इतर उमेदवारांचे गुण ती ठरवितात.

इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सच्या जेएआयआयबी परीक्षेत याच्या उलट आहे. विषय चार, प्रत्येकी १०० प्रश्न, वेळ दोन तास. गुण वजा होत नाहीत, ५० गुणांची रेषा आधीच ठाऊक असते आणि कोणाशीही स्पर्धा नसते. परंतु रेखांकित धनादेशाची वसुली करणाऱ्या बँकेस निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, १८८१ च्या कलम १३१ चे संरक्षण केव्हा मिळते, हे ज्याने वाचलेले नाही, त्याला तासभर दिला तरी उत्तर सुचणार नाही. बँकेने सद्भावनेने व निष्काळजीपणा न करता ग्राहकासाठी वसुली केलेली असावी, ही अट तर्काने सापडत नाही. तिच्यामागे दिवसभराच्या कामानंतरचे कित्येक महिन्यांचे वाचन असावे लागते.

हा भेद लक्षात न घेतल्याने दोन ठिकाणी अन्याय होतो. पहिला घरोघरी. दोन-चार गुणांनी मागे पडलेल्या मुलास पालक बुद्धीने कमी समजतात. वास्तविक त्या पूर्वपरीक्षेत त्याच्या पदवीच्या विषयाची विचारणाच झालेली नसते. माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तरालाही तेथे वेगळा लाभ नाही. दुसरा अन्याय बँकेत. प्रवेशाचा गड सर केलेले काही जण विषयपरीक्षेस केवळ वेतनवाढीचे साधन मानतात.

काउंटरवर आलेला ग्राहक मात्र ३४ सेकंदांचा हिशेब मांडत नाही. मयत वडिलांच्या खात्याला नामनिर्देशन नसेल तर काय करावे, याचे त्याला अचूक उत्तर हवे असते. म्हणून पालकांनी स्पर्धा परीक्षेच्या प्रयत्नांना मर्यादा घालावी, पण पाल्याचा मूळ विषय सुटू देऊ नये. आणि शाखाप्रमुखांनी परीक्षार्थी सहकाऱ्यास अभ्यासासाठी आठवड्यातून एखादी संध्याकाळ मोकळी द्यावी. पहिल्या परीक्षेने आपल्याला खुर्ची मिळते. त्या खुर्चीवरून योग्य सल्ला देता यावा, यासाठी दुसरी आहे.