उंची गाडी, उंची पेट्रोल?



आमच्या पुतण्याने गेल्या वर्षी एक जर्मन गाडी घेतली. सेकंडहँड, पण टर्बो इंजिनाची. हप्ते अजून चालू आहेत. तेव्हापासून घरात एकच वाद : हिच्यात साधं पेट्रोल घालायचं, पंच्याण्णवचं की थेट शंभरचं? एक पक्ष म्हणतो, "हत्ती पाळला, आता चाऱ्याला काय रडायचं?" दुसरा म्हणतो, "सगळं एकाच विहिरीचं पाणी, नाव तेवढं वेगळं." माझं मत विचाराल तर दोन्ही पक्ष पंपावरची पाटी वाचताहेत. वाचायला हवं ते पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आणि गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं.

मुळात ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, पौष्टिकपणा तर नव्हेच. इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण दाबलं जातं आणि मग ठिणगी पडते. दाब आणि उष्णता फार झाली तर ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपलं आपण पेटतं. मेकॅनिक याला नॉकिंग म्हणतात. असं आपोआप पेटायला पेट्रोल किती विरोध करतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. टर्बो हवा कोंबून भरतो, म्हणून त्या इंजिनाला मोठा आकडा लागतो. आमच्या जुन्या स्कूटरला तो घातला असता तर तिला पत्ताही लागला नसता. :-)

हल्लीच्या गाड्यांत नॉकिंग ओळखणारा सेन्सर असतो. तो ठिणगी जरा उशिरा पाडायला लावतो. इंजिन वाचतं, पण जोर कमी होतो आणि मायलेजही थोडं घटतं. गावात रमतगमत चालवताना हे जाणवणार नाही. मे महिन्यात खंबाटकी घाट चार माणसं आणि सामान घेऊन चढताना जाणवेल.

आता माझ्या आवडीचा विषय, भाषा! झाकणावर 'शिफारस' लिहिलंय की 'किमान', हे नीट बघा. 'चालेल' आणि 'पाहिजे' यांत फरक आहे. किमान ९५ लिहिलं असेल तर ९५च घालावं. तिथे काटकसर करून सेन्सरच्या भरवशावर गाडी दामटणं मला पटत नाही. नुसती शिफारस असेल तर त्रैराशिक मांडा. अमेरिकेतल्या 'ट्रिपल ए' या वाहनचालकांच्या संस्थेने २०१७ मध्ये प्रीमियमची शिफारस असलेल्या गाड्या तपासल्या. सरासरी मायलेज २.७ टक्के वाढलं, ताकद १.४ टक्के. समजा साधं पेट्रोल १०० रुपये आणि प्रीमियम १०७, तर ७ टक्के जास्त देऊन पावणेतीन टक्के परत. म्हणजे बचत म्हणून घेऊ नका. गाडी पळवण्याची हौस म्हणून घेतलंत तर माझी हरकत नाही.

शंभर ऑक्टेनचं पेट्रोल इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये आणलं, तेव्हा लिटरला १६० रुपये पडत होते. ९५ वर समाधानी असलेल्या इंजिनाला ते पाजणं म्हणजे निव्वळ मिरवणं!

परदेशातल्या भाचरांनो, तुमच्या अमेरिकेतल्या पंपावरचा ९१ आणि आपल्याकडचा ९१ एक नव्हे. तिथे दोन चाचण्यांची सरासरी लिहितात. तुमचा ९१ म्हणजे आपला साधारण ९५.

आपल्याकडेही गणित बदलतंय. अनेक वर्षं साधं पेट्रोल ९१ चं होतं. आता त्यात २० टक्क्यांपर्यंत एथेनॉल मिसळतात. एथेनॉलचा ऑक्टेन मूळचाच मोठा, त्यामुळे साध्याचा आकडाही वर सरकतो. (एथेनॉलमध्ये ऊर्जा मात्र पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश कमी, हे दुखणं वेगळं.) शिवाय काही 'प्रीमियम' पेट्रोलांत इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायनं तेवढी जास्त असतात. म्हणून पंपावर नाव नको, आकडा विचारा.

असो. पुतण्याला मी एवढंच सांगितलं : बाबा रे, गाडीला हवं ते दे, शेजाऱ्याला दिसावं म्हणून देऊ नकोस. वाचलेले पैसे टायरांना लाव. घाटात गाडी चढते इंजिनावर, पण उतरताना रस्ता धरून ठेवतात ते टायरच.