फोनवरच्या फीचा जाच

तासगावच्या द्राक्षबागेत राबणारी गरोदर बाई दवाखान्यात गेली की तिचा रोज बुडतो. म्हणून ती फोन करते. आता त्या फोनचीही फी! केंद्राच्या मार्च 2020 च्या सूचनांनी डॉक्टरांना तशी मुभा दिली, हे खरे. पण पावती देण्याचे बंधनही त्यातच आहे. पावती किती जणींना मिळते? फीच्या धास्तीने फोनच टळला, तर डोके दुखणे, अंगावर सूज ही वाढत्या रक्तदाबाची लक्षणे ओळखायची कुणी?

1928 साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी ठणकावले होते की, गरोदर कामगार स्त्रीच्या विश्रांतीचा भार बव्हंशी सरकारने उचलावा. बागेतली बाई कामगार नाही काय? ग्रामीण रुग्णालयात तिच्यासाठी रात्रंदिवस उचलला जाणारा, बिनफीचा फोन ठेवा, ही आमची मागणी आहे.