सहलीत बाटली कशाला?



'माझी अविस्मरणीय सहल' आणि 'व्यसनमुक्ती: काळाची गरज' हे दोन निबंध आपण वर्गात दरवर्षी लिहून घेतो. वेगवेगळ्या दिवशी! मुलांसमोर मात्र हे दोन्ही विषय एकाच दिवशी येतात. ३१ डिसेंबरला गाडीच्या डिक्कीत खोका चढतो आणि पोरगं मनात नोंद करतं: मोठं झाल्यावर फिरायला जायचं म्हणजे प्यायचं.

माझ्या मते सहलीत करायला काहीच नसलं, की बाटली निघते. आपल्या वऱ्हाडातला रोडग्यांचा बेत आठवा. कुणी गोवऱ्या रचतो, कुणी कणीक मळतो, कुणी वांगी चिरतो, पोरं रोडग्यांवरची राख झटकतात. सगळ्यांच्या हाताला काम असतं. वेळ कसा जातो कळत नाही.

पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्याचंही तसंच. तिथली खरी मजा पहाटेची. चितळाची हाक ऐकायची, मातीतला पंजा ओळखायचा. रात्री उशिरापर्यंत प्यालेला माणूस पहाटे उठेल का? याच टिपेश्वरचा रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये हजार किलोमीटरहून जास्त फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. मुलांना नकाशावर त्याची वाट दाखवा. भूगोल आपोआप होतो.

उमरखेड तालुक्यात पैनगंगेवरच्या सहस्रकुंड धबधब्याला गेलात, तर गोष्ट जिवावरची असते. तिथले खडक निसरडे, पाण्याला ओढ. दारू आधी तोल घालवते आणि सोबत भीतीही घालवते. 'थंडीत घोटभर घेतली की ऊब येते' हेही खरं नाही. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून गरम वाटतं. प्रत्यक्षात अंगातली उष्णता बाहेर जात असते.

कुणी म्हणेल, 'सर, स्वतःच्या पैशानं घेतो, कुणाचं काय जातं?' जातं ना! परतीची गाडी कोण चालवणार, या काळजीत घरच्या बाईचा अख्खा दिवस जातो. दारूबंदीसाठी आपल्या जिल्ह्यातल्या बाया मोर्चे काढत आल्या, त्या आपल्याच विद्यार्थ्यांच्या आया आहेत. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदी आहे, तरी चोरून दारू मिळतेच. म्हणजे नुसत्या कायद्यानं भागत नाही, सवय घरातच लावावी लागते.

म्हणून पुढच्या सहलीआधी कामं वाटून घ्या. एकानं पक्ष्यांची यादी करायची, एकानं चूल सांभाळायची, एकानं गाणी म्हणून घ्यायची. शिक्षकांच्या सहलीलाही हाच नियम हवा, बरं का!

आणि पोरगं निबंधात सगळं खरं-खरं लिहिणार आहे असं समजूनच बेत आखा. तो निबंध वर्गात मोठ्यानं वाचता आला पाहिजे.