ठिपके कुणाचे, फुल्या कुणाच्या

मंडळी, दर दिवाळीला या सदरात मी माझा फराळ कसा बिघडला ते सांगते. या वर्षी चिवडा उत्तम जमला. बिघडला तो लेकीचा रसायनशास्त्राचा पेपर, आणि तोही माझ्यामुळे.

लेक इयर नाइनमध्ये आहे. मी एम.ए. मराठी, सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवत होते. विज्ञानाच्या बाई रजेवर असल्या की त्यांचा तास माझ्या गळ्यात पडायचा. तेवढ्या भांडवलावर मी तिला ‘इलेक्ट्रॉन ठिपका संरचना’ समजावायला बसले. इथे त्याला डॉट अँड क्रॉस म्हणतात. एका अणूचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवायचे, दुसऱ्याचे फुल्यांनी. मी म्हटलं, “दोघांच्या मध्ये जोडी काढली की बंध झाला. बाकीचे नको काढूस, उगाच गिचमिड होते.”

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनजवळ बंधात न अडकलेल्या दोन जोड्या असतात. त्या तिने गाळल्या. अमोनियातल्या नायट्रोजनची एक असते, तीही गाळली. दोन्हीकडे मार्क गेले. पेपर माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, “आई, तू खरंच टीचर होतीस ना?” पुढचे पंधरा दिवस एकही वही माझ्याकडे आली नाही. नोकरी सोडून इथे आले तेव्हासुद्धा मला एवढं लागलं नव्हतं.

मग ती शाळेत गेली की मी तिचं पुस्तक उघडू लागले. बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन मोजायचे. हायड्रोजनचा १, कार्बनचे ४, नायट्रोजनचे ५, ऑक्सिजनचे ६. हायड्रोजनला २ हवे असतात, इतर तिघांना ८. जितके हवेत त्यातून जितके आहेत ते वजा केले की उरतात ते भागीदारीतले. कार्बन डायऑक्साइड घ्या. तिघांना मिळून हवेत २४, आहेत १६, म्हणजे भागीदारीत ८. त्याच्या चार जोड्या, कार्बनच्या एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन. शेवटी ताळा करायचा, चित्रातले सगळे मोजून १६ भरले पाहिजेत. मी नेमका ताळाच विसरले होते. पाण्यात ८ हवेत, माझ्या पद्धतीच्या पाण्यात चारच! (मिठात मात्र भागीदारी नाही. सोडियम आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊनच टाकतो, म्हणून दोघांना वेगवेगळे चौकोनी कंस आणि वर धन-ऋण चिन्हं.)

चिवड्याच्या दिवशी ताटात डाळं आणि शेंगदाणे काढले होते. ओट्यावर पिठाने अक्षरं काढून मी ऑक्सिजनभोवती सहा डाळं मांडली आणि दोन हायड्रोजनांचा एकेक शेंगदाणा जोडीला लावला. लेक शेंगदाणे पळवायला आली आणि थबकली.

“हे काय?”

“पाणी. मोज.”

तिने मोजले. आठ भरले. मग विचारलं, “पण बाँड झाल्यावर यातला हायड्रोजनचा कुठला, ते ओळखता येतं?”

एवढं मी वाचून ठेवलं होतं. नाही येत. सगळे इलेक्ट्रॉन अगदी एकसारखे, फुली ही फक्त आपल्या हिशेबाची सोय. १९१६ साली अमेरिकेत गिल्बर्ट लुईसने ही पद्धत मांडली तेव्हा नुसते ठिपकेच होते. तिने दोन्ही शेंगदाणे उचलून खाल्ले आणि तिथे डाळं ठेवली.

आमच्या मराठी पुस्तकात कोव्हॅलंट बाँडला ‘सहसंयुज बंध’ म्हणत, हेही सांगितलं. ती हसली. ‘युज्’ म्हणजे जोडणं, ‘योग’ त्यातूनच आला, आणि ‘सह’ म्हणजे बरोबरीने, असं फोडून दाखवलं. “मग मराठीत उत्तर नावातच आहे की,” ती म्हणाली. माझ्या एम.ए.चा उपयोग झाला तो हा असा.

ऑक्सिजनवर मात्र आम्ही दोघी अडकलो. हवेत १६, आहेत १२, भागीदारीत ४. दुहेरी बंध, सगळे इलेक्ट्रॉन जोडीने बसलेले. पण शाळेत त्यांना व्हिडिओ दाखवला, त्यात द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाच्या दोन टोकांमध्ये लटकून राहतो. तसं व्हायला जोडी नसलेले इलेक्ट्रॉन लागतात, आणि ऑक्सिजनमध्ये ते खरोखर दोन असतात. आपल्या ठिपक्यांच्या चित्रात ते दिसत नाहीत. पेपरात मात्र दुहेरी बंधच काढायचा, हे मी तिला दोनदा बजावलं.

पुढच्या शनिवारी लायब्ररीत जाताना चेंबरलेन स्क्वेअरमध्ये प्रीस्टलीच्या पुतळ्यापाशी थांबलो. त्याने १७७४ मध्ये भिंगातून ऊन पाडून पाऱ्याच्या भस्मातून हा वायू काढला, तेव्हा तो विल्टशायरमध्ये होता. बर्मिंगहॅमला आला १७८० मध्ये, आणि १७९१ च्या दंगलीत याच गावच्या लोकांनी त्याचं घर जाळलं. लेकीचं तिकडे फारसं लक्ष नव्हतं. ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

“आई, फ्लोरीनचे किती?”

“सात,” मी ठामपणे म्हटलं, आणि घरी आल्यावर आधी पुस्तकात बघून घेतलं.